दमट सकाळी रुसणारी व्हॅन

शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणाऱ्या ताई त्या दिवशी चौथ्यांदा माझ्या गॅरेजात आल्या. तक्रार तीच. हवा दमट असली की सकाळी गाडी सुरू होत नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, मुलं दारात ताटकळतात. आणि दुपारी माझ्याकडे ओढून आणली की पहिल्या फटक्यात सुरू! आता सुरू असलेल्या गाडीत मी बिघाड काय कपाळाचा शोधणार?

आधी मी प्लग बदलले, मग कॉइल बदलली. तिसऱ्या खेपेला माझं डोकंच फिरलं. त्यांच्या नवऱ्याला फोन करून सांगितलं, "साहेब, गाडीत काही नाही. बाईंना चालवता येत नाही." मिस्त्रीच म्हणतोय म्हटल्यावर त्यांनीही ते खरं धरलं.

या खेपेला ताई बसल्याच नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "संध्याकाळी गाडी बघायला गिऱ्हाईक येतंय. ह्यांनी ठरवलंय, व्हॅन विकायची आणि मी घरी बसायचं. अकरा वर्षं चालवतेय हो मी. एकदा शेवटचं बघा. माझंच चुकत असेल तर तसं सांगा."

"तीनदा बघितली. आता काय तिला मांडीवर घेऊन थोपटू?"

"ओली करून बघा की. कोरडी असते तेव्हा ती नाटकं करतच नाही."

हे खरं तर मला सुचायला हवं होतं. पण गिऱ्हाइकाने शिकवलेलं मला सोसत नाही. पुटपुटतच शटर खाली ओढलं, दिवा बंद केला, बॉनेट उघडलं. ताईंना आत बसवलं आणि इस्त्रीच्या कपड्यांवर मारतात तसा बाटलीने प्लगच्या वायरींवर पाण्याचा फवारा मारला.

"मारा सेल्फ!"

इंजिन नुसतं घरघरलं. अंधारात तिसऱ्या वायरीतून निळी ठिणगी शेजारच्या पत्र्यावर उडाली. टिक, टिक, टिक. प्लगला जायचा करंट वाटेतच पळत होता.

दिवा लावला. वायर पत्र्याला घासून सोलली होती. तिला लांब धरणारी क्लिप जागेवर नव्हती. ती वायर गेल्या वर्षी मीच घातली होती, क्लिप लावायची मीच विसरलो होतो, आणि तक्रारही त्यानंतरचीच.

"वायर जुनी झाली" म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण ताई येऊन शेजारी उभ्या होत्या. लाज वाटली मला, खोटं कशाला सांगू?

"ताई, चूक माझी आहे. तुमचं काही चुकलेलं नाही."

वाटलं, आता ह्या मला चांगलंच फैलावर घेणार. तर त्या रडायलाच लागल्या. "मला वाटायला लागलं होतं हो, की मला खरंच येत नाही."

मी गुमान नवी वायर घातली, क्लिप लावली, पुन्हा फवारा मारला. ताईंनी सेल्फ मारला. गाडी लगेच सुरू झाली.

त्यांनी डोळे पुसले आणि फोन माझ्यापुढे धरला. "ह्यांना लावलाय. मला सांगितलंत तेच सांगा."

सांगितलं, क्लिपसकट सगळं. मग नवरा म्हणाला, "आता त्या गिऱ्हाइकाला काय सांगू?"

ताईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "म्हणावं, सकाळी तिला मुलं न्यायचीत."