एल्डरवेलच्या विहिरीचा साज

रांगोळीत वासंतीताईंचा हात कोणी धरू शकत नाही, हे पुण्यात कोथरूडमध्ये सर्वमान्य होतं आणि न्यूझीलंडला लोअर हटमध्ये आल्यावर त्यांनी स्वतःच ते मान्य करून टाकलं होतं. मुलगा देवव्रत रोज गाडीने वेलिंग्टनला ऑफिसात जायचा, आणि घरात दिवसभर बोलायला कोणी नसल्यामुळे वासंतीताईंचं कुंपणापलीकडच्या हिल्डाबाईंशी चांगलं जमलं होतं. त्यामुळे जानेवारीतल्या एका दुपारी हिल्डाबाईंनी कुंपणावरून विचारलं, “तुला फुलांच्या पाकळ्यांचं चित्र करता येईल का गं?” तेव्हा वासंतीताई हसल्याच. हा तर त्यांच्या डाव्या हाताचा मळ होता.

“मग चहाला ये,” हिल्डाबाई म्हणाल्या. “जरा मोठं काम आहे.”

हिल्डाबाई नव्वदीला टेकल्या होत्या. लग्न होऊन बोटीने न्यूझीलंडला आल्या त्याला आता जन्म लोटला. दृष्टी मधोमध विझली होती, कडेकडेने अंधुक दिसायचं तेवढंच. बोटं संधिवाताने वाकडी झालेली. दूर टौरंगाला राहणारा मुलगा महिनाअखेरीच्या रविवारी येऊन त्यांना कायमचं घेऊन जाणार होता आणि घर विकायला निघालं होतं. त्या वासंतीताईंना ‘डक’ म्हणायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वासंतीताईंना रागच आला होता, ही बाई चक्क बदक म्हणते आपल्याला! मग कळलं, त्यांच्या गावाकडे लाडाच्या माणसाला तसंच म्हणतात.

ते गाव म्हणजे इंग्लंडमधलं, डर्बीशरच्या डोंगरातलं एल्डरवेल. चहा निवत गेला आणि हिल्डाबाई गाव सांगत राहिल्या. तिथली विहीर म्हणजे डोंगराच्या पोटातून येणारा झरा, दगडात बांधून काढलेला. फार पूर्वी एका उन्हाळ्यात आसपासच्या सगळ्या गावांचं पाणी आटलं, एल्डरवेलचं तेवढं आटलं नाही. सगळा मुलूख घडे घेऊन तिथे लोटला आणि गावाने कोणाला नाही म्हटलं नाही. तेव्हापासून दर उन्हाळ्यात गाव विहिरीला साज चढवायचं. मोठ्या फळीवर ओल्या मातीचा थर द्यायचा, त्यावर पाकळ्या, शेवाळ, बिया एकेक करून दाबायच्या, चित्र पुरं झालं की फळी विहिरीमागे उभी करायची आणि पाण्याचे आभार मानायचे. चित्रातलं आकाश दरवर्षी खाटीक करायचा, कारण त्याच्या आजोबांनी केलं होतं. त्या आकाशावरून पोस्टमास्तरीणबाईंशी त्याचं दरवर्षी भांडण व्हायचं, आणि दरवर्षी दोघं शेजारी बसूनच ते पुरं करायची.

“आणि आठवड्याने?” वासंतीताईंनी विचारलं.

“आठवड्याने सगळं कोमेजतं. काढून टाकायचं.”

वासंतीताई थक्क झाल्या. आपल्याकडे नदीची ओटी भरतात, हे त्या जन्मभर बघत आल्या होत्या. पण कोटटाय घालून हवापाण्यावर बोलणाऱ्या या लोकांच्या एका खेड्यात अख्खं गाव चिखलात हात घालून बसतं, तेही पाण्याचे आभार मानायला, आणि आठवड्यात जे मरून जाणार त्याच्यासाठी, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. इंग्रजांबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं, असं त्यांना पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

“मागच्या उन्हाळ्यात विहीर तशीच राहिली,” हिल्डाबाई म्हणाल्या. “मावसबहिणीचा फोन आला होता. घरं शहरातल्या लोकांनी शनिवार-रविवारसाठी घेतलीत. ज्यांना येत होतं ते सगळे गेले. मी शेवटची. माझ्या हातांचं हे असं झालंय आणि डोळ्यांचं तसं. एकदाच करायचंय. नाहीतर माझ्याबरोबर ते संपलंच बघ.”

वासंतीताईंनी त्या वाकड्या बोटांवर आपला हात ठेवला आणि म्हणाल्या, “करू या.”

दुसऱ्या दिवसापासून देवव्रतच्या गॅरेजची दैना सुरू झाली. जुन्या टेबलाची फळी घेतली, तिच्यावर माती धरून राहावी म्हणून खिळे ठोकले आणि ती भिजायला शेजारच्या मुलांच्या डुंबायच्या प्लास्टिकच्या हौदात टाकली. एल्डरवेलमध्ये त्यासाठी तळं होतं. कुंभारकामाच्या दुकानातून माती आणली, तिच्यात मीठ-पाणी घालून वासंतीताईंनी साडी खोचून ती पायांनी तुडवली. हिल्डाबाई खुर्चीत बसून नुसत्या आवाजावरून सांगत होत्या, अजून घट्ट आहे, अजून तुडव. संध्याकाळी देवव्रत कामावरून आला आणि दारातच थांबला.

“आई, हे गॅरेज आहे की कुंभारवाडा? गाडी कुठे लावू मी?”

“रस्त्यावर लाव,” वासंतीताई म्हणाल्या. “आणि त्या जॅन्डल्स, चपला, बाहेर काढ, इथे नको आणूस.”

चित्र हिल्डाबाईंच्या गावाचंच करायचं ठरलं. त्या सांगत गेल्या, वासंतीताई कागदावर काढत गेल्या. ठेंगण्या मनोऱ्याचं चर्च, एका कमानीचा दगडी पूल, वडिलांची बेकरी, ॲश झाडाखालची विहीर. टेबलावरच्या कपाचा कान ज्यांना सापडत नव्हता, त्या बाई कोणत्या घराचं धुराडं कलतं होतं आणि कोणत्या खिडकीत मांजर बसायचं ते बिनचूक सांगत होत्या. पुलाचा एक दगड वासंतीताईंनी अंदाजाने मोठा काढला, तर हिल्डाबाई कागदाला नाक लावून, तिरक्या नजरेने बघून म्हणाल्या, “तिथे लहान होता. तिथे बसून मी पाय सोडायचे.” वासंतीताईंनी तो दगड खोडून लहान केला. एवढं अख्खं गाव एका बाईच्या आत शाबूत होतं आणि शेजारी राहून आपल्याला त्याचा पत्ता नव्हता.

कागदावरून टाचणीने टोचून चित्र मातीवर उतरवलं, फ्लॅक्सच्या झुडपाच्या काळ्या बियांनी कडा भरल्या. गुरुवारी हायड्रेंजियाच्या निळ्या पाकळ्यांचं आकाश सुरू झालं. आता वासंतीताई आपल्या राज्यात होत्या. हात मातीवर फिरून काही बिघडू नये म्हणून त्यांनी वरून सुरुवात केली आणि खाली सरकत आल्या. शुक्रवारी दुपारी चर्च झालं, पूल झाला, बेकरीचा धूर मेंढीच्या लोकरीचा झाला. असं काही आपल्या हातून कधी झालं नव्हतं, हे त्यांना कळत होतं, आणि त्या हिल्डाबाईंच्या कौतुकाची वाट बघत होत्या.

हिल्डाबाई उठल्या. एक बोट चित्राच्या माथ्याशी टेकवून त्या हळूहळू खाली नेऊ लागल्या. बोट अडखळलं. पुन्हा सरकलं, पुन्हा नखाला पाकळीची कड लागली.

“तू वरून लावलंस,” त्या म्हणाल्या.

“हो. का?”

हिल्डाबाई खुर्चीत बसल्या. “खालून लावतात, डक. कौलांसारखं. वरची पाकळी खालचीवर यायला हवी. फळी उभी राहणार ना... पाऊस आत शिरतो.” मग घाईने म्हणाल्या, “चूक माझी आहे. हे कोणी कोणाला सांगतच नाही. आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. पण राहू दे. सुंदर झालंय. उद्या पाऊस नाही आला म्हणजे झालं.”

वेलिंग्टनच्या बगलेत राहून पाऊस येणार नाही म्हणायचं! वासंतीताईंनी फळी भिंतीला टेकवून उभी केली आणि झारीने वरून थोडं पाणी सोडलं. एल्डरवेलचं निळं आकाश घसरत आलं आणि चर्चच्या मनोऱ्यावर जमा झालं. जन्मभर ज्या बाईने जमिनीवर रांगोळी काढली, तिला उभ्या चित्रावरून पाणी वाहतं हे सुचणार कुठून? त्यांना रडू आलं, आणि मग स्वतःचाच इतका राग आला की त्यांनी उलथनं आणलं आणि सगळ्या पाकळ्या खरवडायला घेतल्या.

“अगं, वेळ कुठे आहे?” हिल्डाबाई कळवळल्या. “रविवारी मुलगा येतोय माझा.”

“शनिवार आहे ना मध्ये,” वासंतीताई म्हणाल्या.

पण पाकळ्या संपल्या होत्या. आपल्या गल्लीतले सगळे हायड्रेंजिया त्यांनी आधीच बोडके केले होते. देवव्रत शनिवारी उजाडताच बादली घेऊन अनोळखी घरांच्या बेल वाजवत फिरला. घरी साधी कोथिंबीर निवडायला सांगितली तर याला मीटिंग आठवते, आणि आज तो निळी, जांभळी, पांढरी फुलं गोळा करत पार नदीपर्यंत जाऊन आला. “आई, लोक कात्री घेऊन स्वतःच कापून देतायत,” तो धापा टाकत म्हणाला. “कशाला हवीत तेसुद्धा नीट विचारत नाहीत.”

वासंतीताई खालून सुरू झाल्या. विहिरीचं पाणी, त्यावर दगड, त्यावर गवत, पाकळीवर पाकळी. हिल्डाबाई शेजारी बसून प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत होत्या. बोट आता कुठे अडत नव्हतं. मधेच त्यांनी एक पाकळी उचलली, वाकड्या बोटांनी चाचपत जागेवर ठेवली आणि अंगठ्याने दाबली. ती नेमकी बसली. मग दोघी मिळून कामाला लागल्या. आपल्या आधी किती बायका, किती खाटीक आणि पोस्टमास्तरणी असं ओणवं बसून गेल्या असतील, हा विचार वासंतीताईंच्या मनातून जाईना. हे आपण करत नाही, आपल्याकडून कोणीतरी करून घेतंय, असं त्यांना वाटू लागलं.

दुपारनंतर चित्र पुरं झालं, आणि देवव्रतने फळी आणि दोघींना गाडीत घालून जवळच्या पेटोनला नेलं. तिथे जमिनीखालचं पाणी रस्त्याकडेच्या नळांतून दिवसरात्र फुकट मिळतं. डोंगरातून आत मुरलेलं, दरीच्या पोटातून सरकत येणारं. लोक कॅन घेऊन भरायला येतात. नळाशेजारी त्यांनी फळी उभी केली. हिल्डाबाईंनी धारेखाली हात धरला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “थंड आहे. आमच्यासारखंच.”

मग व्हायचं तेच झालं. दक्षिणेकडून वारा उठला आणि आडवातिडवा पाऊस आला. वासंतीताईंनी हिल्डाबाईंचा दंड गच्च धरला. आकाशावर पाणी पडलं, पाकळीवरून पाकळीवर उतरलं, मनोऱ्यावरून, पुलावरून, बेकरीवरून वाहत विहिरीपाशी आलं आणि फळीच्या कडेने थेंब थेंब गळू लागलं. एकही पाकळी हलली नाही. उलट ओलं होऊन सगळं गाव असं उजळलं की आता बेकरीच्या धुराचा वास येईलसं वाटावं. वासंतीताईंना देवळातल्यासारखे हात जोडावेसे वाटले, आणि त्यांनी ते जोडले.

“सांग ना,” हिल्डाबाई कुजबुजल्या. “राहिलं का?”

“राहिलं, हिल्डाबाई. सगळंच्या सगळं राहिलं.”

कॅन भरणारे एक वयस्क माओरी गृहस्थ पावसात तसेच उभे होते. त्यांनी कॅन खाली ठेवला, टोपी काढली आणि पाण्याकडे बघत हलक्या आवाजात कराकिया म्हटली, त्यांच्या भाषेतली प्रार्थना. रांगेतला कोणी हलला नाही. प्रार्थना संपल्यावर ते जवळ आले, “किआ ओरा” म्हणून नमस्कार केला आणि बराच वेळ चित्र बघत राहिले. कुठल्या गावची रीत, त्यांनी विचारलं. हिल्डाबाईंनी सांगितलं.

“आणि हे करता येणारे आता किती उरलेत?” त्यांनी विचारलं.

हिल्डाबाईंनी चाचपडत वासंतीताईंचा चिखलाने माखलेला हात शोधला, घट्ट धरला आणि वर केला.

“दोघी,” त्या म्हणाल्या.