पाठीवर नाव नसलेला शर्ट

क्लबचे कपडे ज्या लाँड्रीत धुवायला येतात, तिथल्या माणसांना फुटबॉलमधलं जरा जास्तच कळतं, असा त्या माणसांचाच समज होता. तो खोटा पाडायच्या भानगडीत कोणी पडलं नव्हतं. सीझन संपला की ही मंडळी दोन महिने सुतकी चेहऱ्याने हिंडायची आणि सीझनआधीच्या फ्रेंडली मॅचेस सुरू झाल्या रे झाल्या की लाँड्रीच्या मागच्या खोलीत त्यांची तोंडं सुटायची. कपड्यांच्या गाठोड्यांवर बसून, वाफेत घामाघूम होत, चहाचे ग्लास मशीनवर ठेवून वाद चालायचा. वाद दरवर्षी एकच असायचा. फ्रेंडली मॅचमधून खरं काय कळतं?

लाँड्रीचा मालक म्हणायचा, सगळं कळतं. त्याचं शास्त्र मातीचं होतं. मॅचचे कपडे आले की तो आधी चड्ड्या आणि मोजे उजेडात धरून बघायचा. ज्याच्या गुडघ्याला माती नाही तो पडला नाही, जो पडला नाही तो झटला नाही, आणि जो आत्ता झटला नाही तो सीझनमध्ये काय दिवे लावणार. एका खेळाडूला त्याने असं फक्त मोज्यांवरून निकालात काढलं होतं. त्या खेळाडूने पुढे सगळ्यात जास्त गोल केले, पण हा विषय निघाला की मालकाला नेमकं मशीन बघायला जावं लागायचं.

एक बसचा ड्रायव्हर यायचा, त्याचं मत काळं होतं. फ्रेंडलीत फक्त कोण जायबंदी होणार एवढंच कळतं, बाकी सगळा टाइमपास, असं तो म्हणायचा. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासणारी एक बाई ड्यूटी संपवून यायची. तिला सगळे लॅबवाली म्हणत. तिचं म्हणणं, स्कोअर बघूच नका. तपासणीच्या आदल्या दिवशी पथ्य पाळणारे पेशंट आणि फ्रेंडली जिंकून नाचणारे क्लब तिच्या लेखी एकाच माळेचे मणी होते. दडपण नसताना माणूस सवयीने बॉल कोणाकडे देतो आणि कोणाकडे देत नाही, तेवढं बघायचं, असं ती सांगायची.

आणि इस्त्रीच्या टेबलामागे उभे असायचे काका. तसे ते कोणाचेच काका नव्हते, पण उभी हयात इस्त्री केल्यावर माणूस सगळ्यांचा काका होतो. त्यांचं मत ठाम होतं. फ्रेंडलीत काही म्हणजे काही कळत नाही. सगळे एकमेकांना सांभाळून खेळतात, कोणी पाय घालत नाही, कोणाचं काही जात नाही. जोपर्यंत कोणी खरा टॅकल करत नाही तोपर्यंत समोरचा कसा आहे हे देवालाही सांगता येणार नाही. हे बोलताना ते शर्ट उलटे करून, वर पातळ फडकं टाकून, मंद इस्त्री फिरवत असायचे, कारण सुलट्या बाजूने गरम इस्त्री लागली तर पाठीवरचा नंबर वितळतो. फ्रेंडलीच्या दिवसांत काही शर्टांवर नुसता नंबर असायचा, नाव नसायचं. क्लब ज्यांना घ्यायचं की नाही ते पारखत असतो, त्या ट्रायलवरच्या पोरांचे ते शर्ट. क्लबने घेतलं तर नाव चढायचं, नाहीतर शर्ट दुसऱ्याच्या अंगात.

त्या वर्षी काकांचा आवाज जास्तच चढला होता, त्याला कारण होतं. ते तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे, जिना उभा होता, आणि उजवा गुडघा आता दुसऱ्या मजल्यावरच संप पुकारायचा. त्यांची एकुलती एक मुलगी म्हणाली, आमच्याकडे राहायला या. काका लगेच हो म्हणतील तर ते काका कसले. ते म्हणाले, आधी पंधरा दिवस येऊन बघतो, जमलं तर खोली सोडतो. घरमालकाला सीझन सुरू व्हायच्या आत काय ते सांगायचं होतं. लाँड्रीत ही बातमी कळली आणि ड्रायव्हरने जागच्या जागी नाव ठेवलं, काकांची फ्रेंडली. मग रोज आल्या आल्या तो स्कोअर विचारायचा.

स्कोअर काय सांगणार? तिकडे सगळं इतकं गोडीगुलाबीने चाललं होतं की काकांना संशय यायला लागला. जावई घरीच मागच्या खोलीत दातांच्या कवळ्या बनवायचे. स्वतःच्याच घरात ते दारावर टकटक करून आत यायचे. काका टीव्हीवर मॅच बघायला बसले की हातातलं काम टाकून शेजारी बसायचे आणि ऑफसाइड म्हणजे काय हे तिसऱ्यांदा समजावून घ्यायचे. न्हाणीघराचं दार इतक्या हळू लावणारी माणसं काकांनी जन्मात बघितली नव्हती. मुलीची त्यांना काळजी नव्हती. ती आपल्या रक्ताची. प्रश्न जावयांचा होता. एवढं गोड बोलणारा माणूस मनात काहीतरी धरून असतो, असं काकांचं पक्कं झालं, आणि ते डोळ्यांत तेल घालून जावयांवर नजर ठेवायला लागले.

स्वतः काकाही शहाण्यासारखे वागत होते, निदान त्यांच्या मते. चहा पाणचट झाला तरी ब्र काढायचे नाहीत. आपला कप आपण विसळायचे. आणि रोज सकाळी, घर जागं व्हायच्या आधी, मुलीने रात्री इस्त्री करून अडकवलेले कपडे उतरवून त्यांना पुन्हा इस्त्री करायचे. पहिल्या दिवशी ती म्हणाली, कशाला बाबा. दुसऱ्या दिवशी म्हणाली, छान झालीय. नंतर काही म्हणाली नाही. काकांनी हे लाँड्रीत मोठ्या कौतुकाने सांगितलं. तिचा हात वाईट नाही, पण कॉलर ती मधून टोकाकडे नेते, मग टोकाला चुणी पडते. कॉलर टोकाकडून मधे आणायची असते, हे तिला लहानपणापासून सांगतोय.

"तिने केलेल्या इस्त्रीवर पुन्हा इस्त्री?" लॅबवालीने विचारलं.

"मग काय, तशीच घालू देऊ?" काका म्हणाले.

लॅबवालीने त्यांच्याकडे बघत चहाचा ग्लास उचलला. ड्रायव्हर म्हणाला, काका, दिवस संपत आले, तुमच्याच हिशोबाने अजून काही कळलेलं नाही, कारण कोणी टॅकलच केला नाही. तो आपला गमतीने बोलला. काकांनी मात्र ते मनावर घेतलं.

त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर काका म्हणाले, "मी खोली सोडली. आज चावी देऊन टाकली."

चावी त्यांच्या खिशात होती. घास हातात धरून ते जावयांच्या तोंडाकडे बघत बसले. जावयांनी तोंडातला घास संपवला. मग म्हणाले, बरं झालं, उद्याच मी माझं टेबल दुसरीकडे हलवतो, म्हणजे खिडकीची बाजू तुम्हाला मिळेल, सकाळी ऊन येतं तिथे. आणि लगेच ते मान वळवून मागच्या खोलीकडे बघत टेबल दारातून निघेल की नाही याचा अंदाज घ्यायला लागले. नाटक करणारा माणूस टेबलाच्या पायांचा विचार करत नाही. काकांच्या मनावरचं ओझं उतरलं. खुशीत त्यांनी मुलीकडे बघितलं.

मुलीने चमचा खाली ठेवला होता. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "मला एकदा विचारायचं तरी, बाबा," ती म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

काका गुडघा सावरत मागोमाग गेले. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. काय झालं, असं त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती बोलली, आणि आवाज न चढवता बोलली, तेच काकांना जास्त लागलं.

"रोज सकाळी मी उठते तेव्हा माझी इस्त्री मोडून तुम्ही परत केलेली असते. मी चाळिशीची झाले, बाबा."

"अगं, मदत म्हणून करत होतो."

"माहितीय मला. म्हणून तर बोलता येत नाही." तिने नळ उघडला आणि उगाच बंद केला. "लहानपणी वेणी घातली की तुम्ही सोडून परत घालायचात. वहीला कव्हर घातलं की काढून परत घालायचात. रागावला असतात तर भांडले तरी असते. मी म्हटलं, पंधरा दिवस आहेत, निघून जातील."

 काकांनी खिशात हात घातला आणि चावी काढून ओट्यावर ठेवली.

"खोली आहे," ते म्हणाले. "सोडलेली नाही. तुमची परीक्षा बघत होतो."

मुलीने वळून चावीकडे बघितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिने ते लपवायची फार धडपड केली, ओठ आवळले, पदार्थांवरची झाकणं सारखी केली, पण बापापासून ते लपणार थोडंच. काकांना फार वाईट वाटलं. तिने आणखी चार शब्द सुनावले असते तरी एवढं वाटलं नसतं. रागावण्यासारखं तिने काहीच केलं नव्हतं. जावई दारात येऊन उभे राहिले, त्यांना काही कळेना, आणि टेबल हलवायचं का असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, नको, राहू दे.

दुसऱ्या दिवशी काका आपल्या खोलीवर परतले. गुडघा बराच बरा आहे, असं त्यांनी मुलीला सांगितलं. ती थांबा म्हणाली, पण एकदाच म्हणाली. दुसऱ्या मजल्यावर ते कठड्याला धरून बराच वेळ उभे होते.

शनिवारी शेवटच्या फ्रेंडलीचे कपडे आले. मालकाने मोजे उजेडात धरले, ड्रायव्हर आला, लॅबवाली आली, वाद सुरू झाला. काका बोलेनात. त्यांच्यासमोर नाव नसलेल्या एका शर्टाची पाठ पसरली होती. एवढे दिवस आपण कोचच्या शेजारी बसून मॅच बघतोय, अशा थाटात ते वागले होते. मैदानात नव्या माणसासारखे आपण एकटेच उतरलोय, आणि पारख आपली चाललीय, हे एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. ड्रायव्हरने सवयीप्रमाणे स्कोअर विचारला.

"ट्रायलवर मीच होतो," काका म्हणाले. "नाही घेतलं."

कोणी म्हटलं का तसं, असं लॅबवालीने हळूच विचारलं. काका म्हणाले, म्हणायला कशाला पाहिजे, कळतं की. फ्रेंडलीत काही कळत नाही म्हणणारा माणूस आज हे बोलत होता. एरवी मालकाने हे वाक्य वर्षभर पुरवून पुरवून वापरलं असतं. पण तो मशीन बघायला गेला.

पुढच्या आठवड्यात सीझनची पहिली मॅच होती. दुपारी शटर अर्धं ओढून सगळे निघायच्या तयारीत असताना मुलगी आली. लाँड्रीत ती कधी येत नसे. तिच्या हातात काकांचा पांढरा शर्ट होता, घाईत तिच्याकडे राहून गेलेला. तिने तो धुतला होता आणि इस्त्री केली होती. बाकीच्या तिघांनी उगाच गाठोडी सारखी करायला घेतली, पण कान इकडेच होते.

तिने उभ्या उभ्याच सांगितलं. तिच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर एक खोली रिकामी झाली आहे. तिने आणि जावयांनी जाऊन बघितली आहे. उजेड आहे, पायऱ्या दोनच आहेत. सामान हलवायला दोघं येतील. रोज जेवायला तिच्याकडे यायचं.

"आणि माझ्या इस्त्रीला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

काका मान हलवत राहिले. मग तिने जरा चाचरत विचारलं, "आधी पंधरा दिवस राहून बघता का?"

"नको," काका म्हणाले. "आता बघणं पुरे. येतो मी."

तिने शर्ट त्यांच्या हातात दिला. काकांनी तो सवयीने उजेडाकडे धरला. कॉलरच्या दोन्ही टोकांना चुणी होती. टेबलावर इस्त्री तापलेली होती, पाण्याचा फवारा हाताशी होता, एका मिनिटाचं काम होतं. मुलगी त्यांच्याकडे बघत होती. तिघंही गाठोडी सोडून बघत होते. ड्रायव्हरने 'कॉलर' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात लॅबवालीने त्याच्या पायावर पाय दिला.

काकांनी हात लांब करून इस्त्रीचं बटण बंद केलं. अंगातला घामेजलेला शर्ट उतरवून तिने आणलेला घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. चुणी मानेला टोचत होती. काका तसेच मॅचला गेले.