दोन बोटं वर

वायपर काचेच्या मधोमध उभा राहिला आणि थरथरायला लागला. उत्तर येत नसताना उगाच हात वर केलेल्या पोरासारखा.

"बंद करा वहिनी, बंद करा! मोटर जळेल," मिस्त्री ओरडले.

बाईंनी घाईघाईने किल्ली फिरवली आणि त्या खाली उतरल्या. त्यांचे यजमान, म्हणजे साहेब, जाऊन वर्ष झालं होतं. त्यांची ही लांबलचक, काळीभोर, एकाच वायपरची परदेशी गाडी एके काळी रस्त्याने निघाली की लोक वळून बघत. आताही बघत, पण ही अजून चालते कशी म्हणून.

"तीन ठिकाणी दाखवली," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचं एकच, हा पार्ट आता मिळत नाही. मला उद्या लेकीकडे पोचायचंय, तिचे दिवस भरलेत. आणि घाटात धो धो पाऊस."

"पार्ट हवाय कशाला? हल्लीचे लोक उघडून बघतच नाहीत, नुसते बदलतात. उद्या घरातलं माणूस आजारी पडलं तर तेही बदलून आणतील."

बोलण्यात चेष्टा होती, तशी जुनी कुरकुरही होती. पंधरा वर्षांपूर्वी ही गाडी मिस्त्रींकडेच यायची. मग साहेबांनी एकाएकी येणं सोडलं, ना भांडण ना तंटा. फिरायला निघालेले साहेब रस्त्यात दिसले की लांबूनच हात वर करायचे, घरची विचारपूस करायचे; गाडी मात्र दुसरीकडे. मिस्त्रींना ते फार लागलं होतं. चारचौघांत ते म्हणत, "मोठ्या माणसाला मोठं दुकान लागतं."

त्यांनी वायपर काढला, काचेखालची जाळी काढली आणि आतली मोटरची पेटी उचलून टेबलावर आणली. चार स्क्रू काढले, झाकण उघडलं. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालं होतं, दातेरी चाकं त्यातच रुतली होती. एवढंच दुखणं, आणि तिघांनी गाडीला मेलेली ठरवलं होतं!

पुसायला म्हणून त्यांनी झाकण उलटं केलं. जे काही उघडतील त्याच्या झाकणाच्या आत खिळ्याने तारीख कोरायची, ही मिस्त्रींची सवय. इथेही कोरलेली होती. त्यांनी ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

ती तारीख ते झोपेतही विसरले नसते. त्या दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला होता, लगेच या. बाहेर साहेब खोळंबले होते आणि हीच पेटी बंद करायची तेवढी राहिली होती. दहा मिनिटांचं काम. हातातलं काम अर्धं टाकायचं नाही म्हणून मिस्त्रींनी ते पुरं केलं, साहेबांना अवाक्षर न बोलता गाडी दिली आणि मग धावले. ते पोचायच्या पाच मिनिटं आधीच बायकोने डोळे मिटले होते. तेव्हापासून ते मनाला एकच समजावत आले होते: उशीर झाला, पण काम तरी चोख केलं.

आता त्यांनी ब्रशने चाकं स्वच्छ केली. दोन दातेरी चाकं, दोन्हींवर एकेक टिंब. टिंबं समोरासमोर यायला हवीत. ती आली नव्हती. एक चाक एका दात्याने पुढे बसलं होतं.

बाई स्टुलावर बसून लेकीशी फोनवर बोलत होत्या. टिंबं जुळवून झाकण लावलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. पण मिस्त्रींनी झाकण बाजूला ठेवलं.

"वहिनी," फोन संपल्यावर ते म्हणाले, "हा वायपर थांबताना पार खाली जात नसेल. दोन बोटं वर राहत असेल."

"हो की. कित्येक वर्षं."

"ती माझी चूक. मी चाक चुकीचं बसवलं होतं."

बाईंनी फोन मांडीवर ठेवला. "ह्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "घरी येईपर्यंतच लक्षात आलं होतं. दुसऱ्या दिवशी दाखवायला आले, तर तुमच्या दाराला कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, काय झालं आणि किती वाजता झालं. घरी येऊन नुसते बसून राहिले. म्हणाले, 'माझ्या वायपरपायी तो माणूस थांबला. आता ही चूक त्याच्या नजरेस पडता कामा नये.'"

"म्हणून गाडी..."

"म्हणूनच. मी म्हटलं, दुसऱ्याकडून तरी नीट करून घ्या. तर म्हणे, तो दुसरा चारजणांत बोलेल, चूक कुणाची ते. दोन बोटांनी माझं काय अडतंय?"

मिस्त्रींना रडू आलं. लपायला जागा नव्हती, तेव्हा त्यांनी ते लपवलंही नाही.

"तसंच ठेवू का मग?" त्यांनी बाहीने डोळे पुसत विचारलं.

"छे! नीट बसवा. पोटात ठेवणारा माणूस गेला. मी कुठवर ठेवू?"

त्यांनी टिंबं जुळवली, नवं ग्रीस भरलं, जुन्या तारखेखाली आजची कोरली. पेटी जागेवर बसवून आधी मोटर चालवली, ती आपल्या ठिकाणी थांबल्यावरच वायपर लावला. बाईंनी काचेवर तांब्याभर पाणी ओतलं. वायपर ऐसपैस फिरला, परत आला आणि तळाशी शांतपणे आडवा झाला.

काचेवर मात्र, दोन बोटं वर, एक धूसर रेघ उरली होती. इतकी वर्षं वायपर तिथेच टेकत आला होता. मिस्त्रींनी ती फडक्याने घासली, पावडर लावून घासली. जाईना.

"राहू द्या," बाई आत बसत म्हणाल्या. "मला रस्ता दिसतोय."

गाडी निघाली. साहेब रस्त्यात करायचे तसा मिस्त्रींनी दारातून हात वर केला, आणि गाडी वळणाआड गेली तरी तो खाली घ्यायचं त्यांना सुचलं नाही.