घुबडनाळेतलं बारमाही टाकं

मोटारसायकलवरून डोंगरात जाणाऱ्या माणसांचा चांगदेव राणे यांना मनस्वी तिटकारा होता. गुडघ्यांना ढाली बांधायच्या, हेल्मेटवर कॅमेरा चिकटवायचा, मुरबाड रस्त्याला थांबून मिसळ हाणायची, घाटाच्या तोंडाशी गाडी उभी करून फोटो काढायचे आणि घरी येऊन याला घाटवाटांचा अभ्यास म्हणायचं. राणे सरांनी छत्तीस वर्षं कल्याणच्या स्टँडवरून पहिली एसटी धरून, कॅनव्हासचे बूट झिजवत एकशे सहा घाटवाटा पायांखाली घातल्या होत्या. निदान डोंबिवलीत तरी असं मानलं जाई.

खरा आकडा एकशे पाच होता. राहिली होती ती घुबडनाळ.

नाळ म्हणजे कड्याला वरून खालपर्यंत पडलेली चीर, धोंड्यांनी गच्च भरलेली. घुबडनाळेच्या मध्यावर एक घराएवढा धोंडा अडकून बसला आहे. अठ्ठ्याण्णव साली राणे त्या धोंड्याखाली एकटेच तासभर बसले, दोनदा चढायला गेले, दोनदा अर्ध्यातून खाली उतरले, आणि तिसऱ्यांदा ते उठले ते गावाच्या दिशेनेच. घरी येऊन त्यांनी आपल्या गिर्यारोहण मंडळाच्या दिवाळी अंकात चार पानी लेख लिहिला. आपण पोचलोच नाही हे लिहायला हात धजावेना, म्हणून वरची अर्धी नाळ त्यांनी मनानेच चढून टाकली. आणि कुणाला शंका येऊ नये म्हणून धोंड्याच्या वर, डाव्या अंगाला, उंबराखाली त्यांनी लेखात कातळात कोरलेलं पाण्याचं एक टाकं घातलं. 'टाक्यात बारमाही पाणी आहे. एक बाटली घेऊन निघावं, पुढची सोय डोंगराने करून ठेवली आहे,' असं त्यांनी लिहिलं. हे वाक्य त्यांना स्वतःलाच फार आवडलं होतं.

मग गंमत सुरू झाली. तीन वर्षांनी ठाण्याच्या एका संस्थेच्या पुस्तिकेत ते टाकं आलं. पुढे कुणी त्याची लांबी-रुंदी दिली, कुणी ते सातवाहनांच्या काळापर्यंत मागे ढकललं. इंटरनेट आल्यावर तर जो उठतो तो त्या टाक्याचं पाणी पिऊन येऊ लागला. राणे हे सगळं वाचायचे आणि तळपायाची आग मस्तकात जायची. जगात एवढ्या लोकांची थाप छातीठोकपणे ओळखू शकणारा माणूस एकच होता, आणि नेमका त्यालाच तोंड उघडायची सोय नव्हती.

त्या थापाड्यांत सगळ्यात वरच्या पट्टीतला होता ऋतुराज. खोणीकडच्या एका टॉवरात राहणारा, बत्तीस वर्षांचा, बोलायला लोण्यासारखा. त्याच्या बायकर ग्रुपला हजारो लोक बघत. मागच्या डिसेंबरात त्याने घुबडनाळ केल्याचं जाहीर केलं होतं आणि टाक्याचं पाणी फ्रिजपेक्षा गार असल्याचंही सांगितलं होतं. त्याचाच आता फोन आला. ग्रुपला घुबडनाळ करायची होती, आणि नाळ ज्यांनी जगाला दाखवली त्या राणे सरांनाच पुढे घालून करायची होती.

राण्यांनी 'कळवतो' म्हणून फोन ठेवला. नाही म्हणावं तर का, असं चारजण विचारणार. शिवाय वय चौसष्ट, गुडघे कुरकुरत होते, आणि एकशे सहाचा आकडा खरा करायची ही शेवटची संधी होती. इतकी वर्षं सांगितलेलं एकदा खरोखर चढून आलो की थाप उरणारच नाही, असा त्यांनी हिशेब मांडला. टाक्याचं काय ते तिथे बघू. कुठेतरी एखादी खोबण सापडेलच.

म्हणून मार्चच्या एका रविवारी भल्या पहाटे राणे सर जन्मात पहिल्यांदा मोटारसायकलवर, ऋतुराजच्या मागे बसून डोंगराला निघाले. सहा गाड्या, आठ माणसं. त्यांची सॅक गाडीला बांधलेली, ऋतुराजची त्याच्या पाठीवर, म्हणजे राण्यांच्या छातीवर. कल्याण सोडून मुरबाड रस्त्याला लागेपर्यंत त्यांच्या ध्यानात आलं की बरगड्यांना टोचतंय ते पाणी आहे. प्रत्येक स्पीडब्रेकरला बाटल्या डचमळत होत्या. एक, दोन, तीन, चार. टाक्याचं फ्रिजसारखं पाणी पिऊन आलेला हा गडी चार बाटल्या पाणी घेऊन निघाला होता. राण्यांना इतका आनंद झाला की रस्त्यातले खड्डेही लागेनात. मग आपल्याही सॅकमध्ये तीन भरलेल्या बाटल्या आहेत हे त्यांना आठवलं, आणि आनंद तिथेच आटला.

पायथ्याच्या वाडीत गाड्या धाकूच्या अंगणात लावल्या. धाकू सत्तरीचा, त्याच नाळेच्या तोंडाशी जन्म काढलेला. त्याने एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारलं, "वर पानी नाय हां. संगं घेतलंव ना?"

विनिता म्हणाली की वर टाकं आहे ना. विनिता ठाकुर्लीची, एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करणारी, ग्रुपमध्ये नवी. तिने सरांच्या जुन्या लेखाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणली होती आणि लेखात सांगितल्याप्रमाणे बाटली एकच घेतली होती.

"टाकं?" धाकू म्हणाला. "कदी झालं त्ये?"

ऋतुराज हसला आणि म्हणाला की गावातल्यांना आपलाच डोंगर धड माहीत नसतो. दर व्याख्यानात 'गावकऱ्याचा शब्द शेवटचा माना' असं बजावून सांगणाऱ्या राणे सरांनी खाली वाकून बुटाची बांधलेली नाडी पुन्हा बांधली. खरं सांगायला ती दोन मिनिटं त्यांना पुरली असती. पण त्यांनी दुसऱ्या बुटाचीही नाडी सोडून बांधली.

दहा वाजता धोंडा आला. राण्यांच्या मनात तो छत्तीस फुटांचा होता, प्रत्यक्षात जेमतेम पंधरा. वरून कुणीतरी दोर सोडला, खालून दोघांनी ढुंगणाला हात लावला आणि राणे सर चार मिनिटांत वर आले. ज्याच्यापायी आयुष्यभर खोटं वागलो तो धोंडा एवढासाच, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

वर गेल्यावर धोंडे तापलेले, वारा नाही, सावली नाही. अकरापर्यंत विनिताची बाटली संपली होती, इतरांच्याही तळाला गेल्या होत्या. सगळे डाव्या अंगाला उंबर शोधू लागले. उंबर नव्हताच. निवडुंग होता. ऋतुराज म्हणाला, जागा सरच दाखवतील, त्यांचा मान आहे. राणे म्हणाले, ऋतुराज मागच्याच वर्षी येऊन गेलाय, त्याला जास्त आठवेल. दोघांनी हा मान एकमेकांना तीनदा देऊन पाहिला. तेवढ्यात विनिताच्या पोटरीत गोळा आला आणि ती मटकन खाली बसली. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे.

राण्यांनी मागचापुढचा विचार न करता सॅक उघडली आणि बाटली तिच्या तोंडाला लावली. ऋतुराजनेही आपल्या काढल्या. एवढी माणुसकी त्याच्यात होती, हे नाकारता येणार नाही. ती अर्धी बाटली प्यायली, तोंड पुसलं, आणि समोर मांडलेल्या बाटल्यांकडे बघत राहिली. रोज शंभर नमुने तपासणाऱ्या बाईची नजर होती ती.

"सर," ती शांतपणे म्हणाली, "टाक्याचं पाणी तुम्ही दोघंच प्यायलेलात. मग आमच्यापैकी कोणी नाही आणि तुम्ही दोघांनीच एवढं पाणी का आणलेलं?"

ऋतुराज घाईघाईने म्हणाला की दरड आली असणार, टाकं बुजलं असणार, हे काय इथेच होतं. सगळ्यांनी हुश्श करून माना हलवल्या. राण्यांसमोर आयता दरवाजा उघडा होता. एक 'हो' म्हटलं की एकशे सहा पक्के. त्यांनी विनिताच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं आणि त्यांना स्वतःचीच किळस आली.

"टाकं नव्हतंच कधी," ते म्हणाले. "मी त्या खालच्या धोंड्यावरून परत गेलेलो. पुढचं सगळं माझ्या मनाचं आहे."

छत्तीस वर्षांची अब्रू त्यांनी खाली ठेवली. आता शिव्या बसणार, थुंकणार लोक, असं त्यांना वाटलं. पण ऋतुराजने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. इतका मायेने ठेवला की राण्यांना तो झटकता येईना. ऊन लागलंय सरांना, तो इतरांना हळूच म्हणाला, आणि वयही झालंय. बाकीच्या पाचांपैकी दोघांनीही टाक्याबद्दल, ते न पाहताच, कुठे ना कुठे लिहिलं होतं. त्यांनी तर सरांच्या टोपीवर पाणी ओतायला घेतलं. जे पाणी जपून वापरायचं ते हे मूर्ख त्यांच्या डोक्यावर ओतत होते.

नाळ पूर्ण झाली. वरच्या गावात पाणी मिळालं, एकशे सहा खरे झाले, आणि राण्यांना त्याचं काडीचंही सुख झालं नाही.

दोन दिवसांनी ऋतुराजने लिहिलं की राणे सरांची स्मृती आता साथ देत नाही, पण त्यांनी शोधलेला ठेवा आपण जपायला हवा. दरडीखाली गाडलेलं टाकं मोकळं करायला पुढच्या रविवारी श्रमदान. टिकाव-फावडी आणावीत. चाळीस जणांनी नावं दिली. राण्यांनी खाली स्पष्ट लिहिलं की टाकं खोटं आहे, मी ते रचलं. त्याला नव्वद जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि काळजी घ्या म्हणून सांगितलं.

रविवारी दुपारी ते डोंबिवलीत गॅलरीत बसले होते. विनिताने फोटो पाठवला. निवडुंग तोडलेला, चाळीस माणसं घामाघूम, मधोमध चौकोनी खड्डा. कडेला धाकू उभा होता. जाणकार ग्रामस्थ म्हणून त्याला हार घातला होता, आणि त्याच्या तोंडावर कमालीचं आश्चर्य होतं. खाली विनिताने लिहिलं होतं, 'सर, माझा तुमच्यावर विश्वास आहे. कंबरभर खणून झालं, नुसती माती आणि धोंडे. ऋतुराज म्हणतो पावसात पाणी साठलं की सगळं स्पष्ट होईल. यांना थांबवायला काय सांगू?'

राण्यांनी चष्मा पुसला, फोटो मोठा करून खड्डा नीट पाहिला. त्यांनी लिहिलं होतं तसाच होता, डाव्या अंगाला.

'काही सांगू नकोस,' त्यांनी लिहिलं. 'खणू देत. मीही ते टाकं अजून पाहिलेलं नाही.'