खिडकीपाशी दबणारा आवाज

बांडुंगच्या एका छोट्या स्टुडिओत सेकार गेमसाठी आवाजाची यंत्रणा लिहीत होती. मध्ये भिंत किंवा माणूस आला, की पलीकडचा आवाज दबायचा. भर दुपारी तिने गेममधल्या रिकाम्या खोलीत रेडिओ लावला. खिडकीपाशी तो दबला.

"गालिह, इथे काय ठेवलंयस रे?"

"काही नाही, तेह. पोटात भात नसला की असंच ऐकू येतं!" सेकारला मानाने 'तेह', म्हणजे ताई म्हणणारा, गेममधल्या खोल्या रचणारा गालिह हसला. पण हेडफोन चढवताच त्याचं हसू मावळलं. दबलेली जागा हळूहळू सरकत होती.

घाबरून सेकारने ती खोलीच पुसून टाकली. मग शेजारच्या खोलीत रेडिओ लावला, तर तोही दबला.

"तेह," गालिह पुटपुटला, "बिचाऱ्याचं घर मोडलंय आपण."

दोघांनी ती खोली पुन्हा बांधली.