पदकवाला ठोसा

लाओसमधल्या व्हिएन्तियानच्या स्पर्धेत माझ्या वजनगटात पाचच जण होते. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावताना माझी पहिली लढत टळली, म्हणून मी थेट उपांत्य फेरीत गेलो आणि तिथे बावन्न सेकंदांत आडवा झालो. हौशी बॉक्सिंगमध्ये उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्यपदक देतात. म्हणजे एकही ठोसा न मारता मी थायलंडचं नाव उज्ज्वल केलं.

माझी सगळी कारकीर्दच अशी. आमच्या देशात ब्याण्णव किलोच्या वरचा बॉक्सर शोधून सापडत नाही. सहा वर्षांत सात लढती लागल्या. चार वेळा समोरचा आलाच नाही. तीन वेळा आला, आणि तिन्ही वेळा मला पहिल्याच फेरीत उचलून न्यावं लागलं.

हे आईला सांगायचं राहून गेलं. फोनवर "पदक मिळालं" एवढंच म्हणालो, तर ती रडायला लागली. मी फोन ठेवून दिला. गावी पोचलो तेव्हा मुखियाने माझ्या अभिनंदनाचा फलक लावला होता. त्यावर मुखिया होता. त्याच्या कानामागे मी.

त्यात आईने गावच्या राखणदार देवाला, चाओपोला, नवस बोलला होता: पोराला पदक मिळू दे, तुझ्या ठाण्यासमोर त्याला तीन फेऱ्या खेळवते. आमच्या देवाला बॉक्सिंग आवडतं. नवसाचे नाच बघून तो कंटाळलाय, असं पुजारी सांगतो. अशा नवसाच्या लढतींसाठी बुनरुअंगकाका ठरलेले. वय छप्पन्न. काम ठोसा खाऊन पडण्याचं.

सकाळी माझ्या हाताला पट्ट्या गुंडाळताना काकांनी विचारलं, "कशावर पडू?"

"म्हणजे?"

"अरे, तुझी आई म्हणते, देवाला पदकवाला ठोसा दाखवायचाय. डावा की उजवा? आयत्या वेळी सांगू नकोस, माझी कंबर धरते."

"काका, तसा ठोसा नाहीये."

"लाजतोस काय मुलीसारखा."

"मारलाच नाही. एकही."

काकांचा हात थांबला. "मग पदक कशाचं दिलं?"

"पाचच जण होते."

काकांनी पट्टीची गाठ मारली. "हे बघ, तीस वर्षं मी खोटंखोटं पडतोय. पण देवाला ते माहीत आहे, आमचं तसं ठरलंय. तुझं काय ठरलंय त्याच्याशी?"

माझं काहीच ठरलं नव्हतं.

ठाण्यासमोर दोर बांधले होते. ढोल सुरू झाला. सगळा गाव चटयांवर बसला होता आणि पुढच्या चटईवर, ठेवणीतलं रेशीम नेसून, आई. ती देवाला सांगत होती, "बघ हं, आता मारेल. आता."

काकांनी हनुवटी पुढे करून दिली. लोण्यासारखी हनुवटी. माझा हात वर जाईना.

"मार की रे," काका पुटपुटले.

"तुम्ही मारा, काका. खरा."

"मी पडायला आलोय."

"मारा हो."

त्यांनी उजवा मारला. एवढी वर्षं न वापरलेला ठोसा चांगलाच साठला होता. मी देवापुढे मांडलेल्या लाल सोड्याच्या बाटल्यांवर जाऊन पडलो.

ढोल थांबला. आई दोराशी आली.

"हे काय?"

"हाच तो पदकवाला ठोसा, आई. तो मला बसला होता. मी एकही मारला नाही. पाचच जण होते, म्हणून मिळालं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मुखिया फलकाकडे बघू लागला. आईने माझ्याकडे बघितलंच नाही. ती ठाण्याकडे वळली, हात जोडले आणि हळूच म्हणाली, "माफ कर देवा. मला कुणी सांगितलं नव्हतं."

बावन्न सेकंदांत जे लागलं नव्हतं, ते तेव्हा लागलं.

मग ती जागेवर जाऊन बसली. रेशमाची घडी नीट केली.

"ऊठ," ती म्हणाली. "नवस तीन फेऱ्यांचा आहे."

केसांतून सोडा गळत होता. मी उठलो. दुसरी फेरी कशी असते, ते मला माहीत नव्हतं.