काही कमी नाही

भागूबाईंनी मोडका बाक ओढत नेला, जिन्याखाली ढकलला आणि वर पोतं टाकलं.

"अम्मा, वो बेंच वहींच रहने दो ना," मुख्याध्यापिका शाहीन मॅडम दारातून म्हणाल्या. "देखने दो उनको."

"पाहुण्यांना मोडकं दाखवतात का कुठं? आमच्याकडं पाहुणा आला की फुटकी कपबशी माळ्यावर जाते."

शाहीन मॅडम हसल्या नाहीत. सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीतल्या या सरकारी शाळेत दहावीला जूनपासून गणिताचे सर नव्हते, आणि आता दिवाळीही होऊन गेली होती. आज येणारी संस्था एकाच शाळेला गणिताचा शिक्षक देणार होती, पगार स्वतः भरून. अट एकच. गरज मॅडमनी नाही, पालकांनी सांगायची. आणि मातांच्या कमिटीच्या अध्यक्ष होत्या भागूबाई. सून कामावर जाते म्हणून तिच्या जागी आल्या आणि महिन्याभरात सगळ्यांच्या डोक्यावर बसल्या.

"रोना नक्को, अम्मा. बस इतनाच बोलो, मॅथ्स के सर नहीं हैं."

"किती वेळा सांगाल? मी काय तान्हं लेकरू आहे?"

सकाळी वेणी घालून घेताना दहावीतल्या नातीनं, रेणुकानंही हेच सांगितलं होतं. "आजी, विसरू नको हं." तिला पॉलिटेक्निकला जायचं होतं. तिच्या दोन मैत्रिणी शाळा सोडून जामबागच्या खाजगी शाळेत गेल्या होत्या. धम्मानंदनं, भागूबाईंच्या लेकानं, तिलाही तिकडंच घालायचं काढलं तेव्हा भागूबाईच आडव्या आल्या होत्या. सरकारी शाळा आपल्या हक्काची, ती सोडून कामून जायचं?

संस्थेची मेघना वेळेवर आली. पंचविशीची पोर, हातात टॅब. भागूबाईंनी पोह्यांची बशी पुढं केली तशी ती खुलली.

"अय्या, तुम्ही मराठी? आमच्या घरी पण मराठीच. मला वाचायला नीट येत नाही, पण बोलते मी." दोन घास खाऊन तिनं टॅब उघडला. "तर आजी, सांगा ना. शाळेला काय कमी आहे?"

तेलुगूत विचारलं असतं तर कदाचित जमलं असतं. पण ही घरच्या भाषेत विचारत होती, आणि त्यांच्या हातचे पोहे खात होती. भागूबाईंच्या वडिलांनी गावकीची शिळी भाकर सोडली आणि देगलूरकडचं गावही सोडलं. तेव्हापासून या घरात कुणी कुणापुढं पदर पसरला नव्हता. जेवलीस का विचारलं तर उपाशीपोटीही हो म्हणायचं, हे त्या चालायच्या आधी शिकल्या होत्या.

"काही कमी नाही, बाई," त्या म्हणाल्या. "सगळं आहे."

शाहीन मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या.

"नक्की ना, आजी?"

"नक्की म्हणजे? चहा घ्या, निवतोय."

मेघनानं टॅबवर बोट फिरवलं आणि ती उठली. "खरंच, खूप छान ठेवलीय तुम्ही शाळा. बाकीकडं फार प्रॉब्लेम्स आहेत." हे ती मनापासून म्हणाली, हीच पंचाईत.

ती गेल्यावर रेणुका कपबशा गोळा करायला आली. कपात कप घालून सगळं उचललं, आवाज न करता. आजीपुढचा कप तेवढा तिथंच राहू दिला.

भागूबाई त्या कपाकडं बघत बसल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, चपला न घालताच बाहेर पडल्या. गल्लीच्या तोंडाशी मेघना गाडीचं दार उघडत होती.

"ओ बाई! थांबा!"

मेघना वळली.

"कसल्या हो तुम्ही तपासायला आलेल्या? पोहे खाल्ले, पडदे बघितले, निघाल्या. दहावीच्या वर्गात जाऊन पोरींना एक गणित घालून बघावं वाटलं नाही? सरकार तसं, तुम्ही अशा!"

"पण आजी, तुम्हीच म्हणालात ना, काही कमी नाही."

"मी म्हणणारच. मला विचारताच कशाला?"

मेघनानं गाडीचं दार परत लावलं. मग जवळ आली. "आजी, मला तुमच्या तोंडून ऐकावं लागेल. तुम्हाला सर हवेत का?"

मागं पावलं वाजली. रेणुका फाटकात येऊन उभी होती.

"तू आत जा," भागूबाई म्हणाल्या.

"पण आजी..."

"जा म्हटलं ना."

पोर वळली. तिची वेणी दाराआड होईपर्यंत भागूबाईंनी तोंड उघडलं नाही. मग त्या बोलल्या. ऑटोंच्या भोंग्यांत ते त्यांचं त्यांनाही धड ऐकू आलं नाही.

"काय म्हणालात?" मेघनानं कान पुढं केला.

भागूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दुसऱ्यांदा सांगितलं. या वेळी रस्त्यापलीकडच्या बांगडीवाल्यानं मान वर करून पाहिलं.